हिरव्या पाण्याचें कारण

आपल्या विहिरींतील, ओढ्यांतील व तलावांतील पाण्याविषयीं आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों : तें किती आहे? महसूल खात्यांत मीं तीस वर्षें कारकुनी केली. सात-बाराच्या उताऱ्यावर 'जलसिंचनाचें साधन' या रकान्यांत विहीर, पाट, तलाव अशा नोंदी असंख्य वेळां पाहिल्या. परंतु तें पाणी कसें आहे, हें लिहावयास तेथें रकाना नाहीं. पाण्याचा कस व त्यांतील जीवसृष्टि यांचा अभ्यास करणारें एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्यांतील कांहीं मोठे शोध आपल्या खताच्या पोत्यापर्यंत येऊन पोहोंचतात, हें मला नोकरी सुटल्यावर वाचनानें कळलें. आधीं कळलें असतें तर एका पंचनाम्यावर मीं जें लिहिलें, तें लिहिलें नसतें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. जूनच्या आरंभीं एका गांवच्या पाझर तलावांतील मासे एका रात्रींत मेले. मंडल अधिकाऱ्यांबरोबर लेखनिक म्हणून मी गेलों होतों. पाणी पोपटी हिरवें झालेलें, तीन दिवस आभाळ भरलेलें, वारा पडलेला, पाऊस मात्र नाहीं. मासेमारीचा ठेका घेणाऱ्या गृहस्थाचा व काठच्या एका शेतकऱ्याचा पाण्याच्या मोटारीवरून जुना तंटा होता. साहजिकच विष टाकल्याचा आळ त्या शेतकऱ्यावर आला. पंचांनीं सांगितलें व मीं लिहिलें, 'विषप्रयोगाचा संशय.' पुढें कांहींच सिद्ध झालें नाहीं. परंतु गांवानें दोन वर्षें त्याच्या घरचें पाणी घेतलें नाहीं. तलावाच्या राखणदारानें एक गोष्ट सांगितली होती : पहांटे मोठाले मासे पाण्यावर तोंडें काढून हवा गिळीत होते. ती मीं पंचनाम्यांत घेतली नाहीं, कारण तिचा अर्थ मला कळला नव्हता.

तो अर्थ असा. मासा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि हा प्राणवायु फार थोडा असतो. पाणी वीस अंश उष्णमानाचें असेल तर एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो; तेंच तीस अंशांवर गेलें कीं साडेसात मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटीं, जेव्हां पाणी कमी व ऊन, तेव्हांच ही शिल्लक सर्वांत तोकडी. त्यांत पाणी शेवाळानें हिरवें झालें असेल तर दिवसां तें शेवाळ उजेडांत प्राणवायु सोडतें व रात्रीं, इतर सर्व जीवांप्रमाणें, तोच घेतें. आभाळ भरलें कीं दिवसाची जमा घटते, रात्रींचा खर्च मात्र तितकाच राहतो. वारा पडला कीं हवेंतूनही भर पडत नाहीं. त्यांतच शेवाळ मरून तळाशीं कुजूं लागलें, कीं कुजविणारे जंतु उरलासुरला प्राणवायु संपवितात. ही तूट सर्वांत मोठी असते ती पहांटे. अशा वेळीं बहुधा मोठे मासे आधीं मरतात. विषानें मरावयाचे तर लहान-मोठें निवडलें जात नाहीं, किंवा पहांटेचीच वेळ साधली जात नाहीं.

पाण्यांतील प्राणवायु मोजण्याची जी रीत प्रयोगशाळांत अद्यापि प्रमाण मानतात, ती लायोश विंक्लर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञानें १८८८ सालीं बसविली. बाटली कांठोकांठ भरून घ्यावयाची, आंत हवेचा बुडबुडा राहूं द्यावयाचा नाहीं. तींत मँगनीज सल्फेट व क्षारयुक्त आयोडाइड घातलें कीं प्राणवायु असल्यास तांबूस-तपकिरी सांका बसतो; प्राणवायु मुळींच नसेल तर सांका पांढराच राहतो. मग आम्ल घालून जितकें आयोडीन मोकळें होईल तें मोजावयाचें. त्या दिवशीं आमच्या पंचांपाशीं अशा दोन बाटल्या असत्या तर एका माणसाचीं दोन वर्षें वांचलीं असतीं, हा विचार मनांतून जात नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. पाणी हिरवें कां होतें? शेवाळास कर्ब, नत्र व स्फुरद तिन्ही लागतात. त्यांपैकीं कोणतें रोखलें असतां तें आवरेल, यावर १९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेंत मोठा वाद होता. कपडे धुण्याच्या पुडींत त्या वेळीं स्फुरद फार असे, त्यामुळें वादांत व्यापाऱ्यांचेंही हित गुंतलेलें होतें. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्येस, जंगलांतील लहान लहान तळीं केवळ प्रयोगांसाठीं १९६८ सालीं राखून ठेवण्यांत आलीं. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानें तेथें जें केलें, तें कोणाही शेतकऱ्यास तत्काळ समजेल. कारण तो आपल्या प्लॉटाचाच प्रयोग होता, फक्त जमिनीऐवजीं पाण्यांत केलेला.

२२७ क्रमांकाच्या तळ्यांत १९६९ पासून नत्र व स्फुरद टाकलें, कर्ब टाकला नाहीं. तरी तळें हिरवें झालें. कर्ब हवेंतून आला. पुढें २२६ क्रमांकाचें तळें घेतलें. तें मध्यें चिंचोळें व दोन्हीं बाजूंस फुगलेलें होतें. त्या चिंचोळ्या जागीं १९७३ सालीं प्लास्टिकचा जाड पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागांत कर्ब व नत्र, दुसऱ्यांत कर्ब, नत्र व स्फुरद असे हप्ते दिले. कांहीं आठवड्यांत स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच काळसर राहिला. विमानांतून घेतलेलें त्याचें छायाचित्र जगभर गेलें; आंकड्यांच्या कोष्टकांनीं जें पटलें नव्हतें तें त्या एका चित्रानें पटलें असें म्हणतात. शिंडलर यांस १९९१ सालीं स्टॉकहोमचें पहिलें जल-पारितोषिक मिळालें. ते २०२१ सालीं निवर्तले.

२२७ क्रमांकाच्या तळ्याची पुढची हकीकत तितकीच मनोरंजक आहे. तेथें १९७५ पासून नत्र कमी केलें व १९९० पासून पूर्ण बंद केलें, स्फुरद मात्र चालू ठेविलें. तळें हिरवेंच राहिलें. कांहीं निळसर-हिरव्या शेवाळांस हवेंतील नत्र ओढून घेतां येतें, जसें आपल्या तुरी-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींना येतें. असें असलें तरी, नत्रही आवरलें पाहिजे असें म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि समुद्राच्या खाड्यांत तर नत्राचाच उपद्रव बहुधा मोठा असतो.

हा केवळ तळ्यांतला खेळ राहिला नाहीं. कॅनडा व अमेरिका यांमधील ईरी सरोवर शेवाळानें इतकें बिघडलें होतें कीं १९६० नंतरच्या दशकांत लोक त्यास मेलेलें म्हणत. १९७२ सालीं दोन्हीं देशांनीं करार केला, सांडपाणी व धुण्याची पूड यांतील स्फुरद आवरलें, आणि सरोवर सुधारलें. पुढें तें पुन्हां बिघडलें. या वेळीं बोट शेतांकडे वळलें. पश्चिम भागास मॉमी नांवाची नदी मिळते व तिचें खोरें बहुतेक शेतीचें आहे. तेथील शेतकऱ्यांनीं माती वाहूं नये म्हणून नांगरट सोडली होती, हें चांगलेंच केलें. परंतु खत वर फेंकलें जाई, तें मातींत मिसळत नसे, आणि मोठ्या पावसाबरोबर विरघळून जमिनीखालच्या नळ्यांतून नदींत उतरे. मातीचें भलें करतांना पाण्याचें असें नुकसान व्हावें, हें वाचून मी बराच वेळ थांबलों. ऑगस्ट २०१४ मध्यें टोलीडो शहरांत सुमारें पांच लाख लोकांस नळाचें पाणी पिऊं नका असें सांगावें लागलें. शेवाळाचें तें विष उकळल्यानें जात नाहीं. उलट पाणी आटून अधिक दाट होतें.

आपल्याकडचा हिशेब मीं कारकुनी संवयीनें करून पाहिला. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यावर ४६ टक्के स्फुरद लिहिलेलें असतें, म्हणजे २३ किलो. परंतु ती मोजणी ऑक्साइडच्या रूपांतली. मूळ द्रव्य त्यांत सुमारें १० किलो. तलाव बिघडावयास एका लिटरांत ०.०३ मिलिग्रॅम इतकें स्फुरद पुष्कळ होतें. भागाकार केला तर एका पोत्यांतील द्रव्य ३३ कोटी लिटरांस पुरतें. म्हणजे दहा हेक्टर पसरलेला, सव्वातीन मीटर खोलीचा तलाव. अर्थात् सारें पोतें तलावांत जात नाहीं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीशीं स्फुरद घट्ट बांधलें जातें, आणि जातें तें बहुतेक वाहत्या मातीबरोबर. म्हणूनच बांध फुटूं न देणें, बांधावर गवत राखणें, आणि खत हातानें न फेंकतां पाभरीनें बियाण्याच्या खालीं पेरणें, हे उपाय जमीन व तलाव दोहोंसही मानवतात. माती-परीक्षणांत स्फुरद भरपूर निघालें तर त्या वर्षीं पोतें कमी आणावें. त्यांत पैसाही वांचतो. शेणखताचा उकिरडा ओढ्याच्या काठीं नसावा, हें तर सांगावयास नको.

पाण्याची परीक्षा घरच्या घरीं करण्याची एक रीत आहे. अँजेलो सेक्की या इटालियन ज्योतिषी-पाद्र्यानें १८६५ सालीं समुद्रांत पांढरी तबकडी सोडून ती कोठवर दिसते हें मोजलें. तळ्यांसाठीं आतां वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची तबकडी वापरतात. दोरीस हात-हाताच्या अंतरानें गांठी मारून, दुपारीं उजेडांत, सावलीच्या बाजूनें ती सोडावी व दिसेनाशी होईल ती खोली लिहून ठेवावी. दर महिन्यास एकदां लिहिल्यास पाणी कोणत्या वाटेनें चाललें आहे हें कळतें. गढूळपणा मातीचा कीं शेवाळाचा, तें रंगावरून ओळखावें.

गेल्या वर्षीं मी त्या गांवीं जाऊन त्या शेतकऱ्याची गांठ घेतली व मीं काय लिहिलें होतें आणि काय लिहावयास हवें होतें, तें सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. मग घरांतून जुनी थाळी आणली, तिला अर्धा पांढरा रंग मारला, आणि आम्हीं दोघांनीं ती दोरीस बांधून तलावांत सोडली. वीतभर खालीं जातांच ती दिसेनाशी झाली.