ख्रिस्त केंद्रस्थानी, मिशन परिघावर : ना. वा. टिळकांच्या भक्तिकवितेतील एक पेच

ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांच्या ख्रिस्ती कवितेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा अहमदनगर, राहुरी आणि सातारा या गावांकडे जाते. नागपूरचा उल्लेख चरित्राच्या ओघात येतो आणि मागे पडतो. वस्तुतः टिळकांची श्रद्धा ज्या क्रमाने घडली, त्या क्रमाची पहिली खूण नागपूरच्या वास्तव्यातच सापडते. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते येथे राहिले, संस्कृत ग्रंथांच्या कामात गुंतले. 'ऋषी' हे धर्मचर्चेचे मासिकही त्यांनी चालविले. परंपरागत धर्मावरील विश्वास ढळलेला, आणि एखादा नवाच धर्म स्थापन करावा अशी उमेद मनात, अशा अवस्थेत १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी गोष्टी निघाल्या आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर मात्र टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. पुढे दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या दोन वर्षांचे महत्त्व असे की, त्या काळात टिळकांपाशी ना मंडळी होती, ना पाळक, ना उपासनेची कोणती रीत. पुस्तक होते आणि त्या पुस्तकातून बोलणारी एक व्यक्ती होती. चर्चशी संबंध आला तो नंतर, आणि प्रथम पत्रव्यवहारातून. ख्रिस्त आधी व ख्रिस्ती धर्मसंस्था मागाहून हा जो अनुभवाचा क्रम, तोच पुढे त्यांच्या विचाराचा क्रम झाला. या क्रमातून त्यांच्या कवितेला बळ आले आणि एक पेचही निर्माण झाला. प्रस्तुत विवेचनाचा विषय तो पेच हा आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्यात ही भूमिका नवी होती. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करून ख्रिस्तचरित्रापर्यंत येतो. परंतु नवदीक्षितांना चर्चमध्ये ऐकविण्यासाठी रचलेल्या त्या पुराणात ख्रिस्त आणि चर्च यांच्यात अंतर पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बाबा पदमनजी यांच्या पिढीचा कल वादाकडे होता. 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी असो की 'अरुणोदय' हे आत्मचरित्र, पूर्वधर्मातील दोष आणि नव्या धर्माची सत्यता यांची सिद्धता हा तेथे लेखनाचा कणा आहे. ख्रिस्त तेथे आहेच, पण तो सिद्धांताचा शेवट म्हणून येतो. संबोधनाचा विषय म्हणून तो क्वचितच येतो.

टिळकांच्या आधी हा भेद सर्वांत स्पष्टपणे जाणवला तो पंडिता रमाबाईंना. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अँग्लिकन भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धांत, मतांगीकारातील भाषा, बिशपचा अधिकार या सर्वांविषयी त्या निर्भीडपणे प्रश्न विचारीत राहिल्या. भारतातील भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त लाभला नव्हता. धर्म आणि ख्रिस्त यांत इतक्या नेमकेपणाने अंतर दाखविणारी साक्ष मराठी मुलखात त्यापूर्वी झालेली दिसत नाही. रमाबाई धर्माकडून ख्रिस्ताकडे गेल्या, टिळक ख्रिस्ताकडून धर्माकडे आले. दोघांनीही केंद्र एकच मानले, आणि ते नाव कोणत्या भाषेत उच्चारावे याविषयी मात्र दोघांचे मार्ग अगदी विरुद्ध झाले.

टिळकांनी भाषा घेतली ती वारकरी संतांची. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. या उद्गाराचा अर्थ पुष्कळदा शब्दसंग्रहापुरता घेतला जातो. गुरू, माऊली, चरण, दास हे शब्द टिळकांनी ख्रिस्ताला वाहिले, एवढे सांगून समीक्षा थांबते. खरी उसनवारी शब्दांची नाही, ती संबोधनाची आहे. अभंगात देव हा 'तो' नसतो, 'तू' असतो. त्याच्याशी भांडता येते, रुसता येते, त्याच्या कुशीत शिरता येते. मिशनच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला हा 'तू' टिळकांनी दिला. 'अभंगांजली'त ख्रिस्ताला माता आणि गुरू या दोन नात्यांनी एकाच वेळी हाक मारलेली आढळते. अशी हाक पाश्चात्त्य धर्मशास्त्राच्या मराठी भाषांतरातून कधीच उमटली नसती. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत टिळकांची गीते आजही गायिली जातात, याचे कारण त्या संबोधनात आहे.

येथेच आक्षेप येतो. टिळकांच्या अभंगातून ख्रिस्ताचे नाव काढून विठ्ठलाचे घातले, तर अभंगाचे काय बिघडते? हा आक्षेप हिंदू वाचकाने कौतुकाने आणि मिशनऱ्याने चिंतेने घेण्याजोगा आहे. आणि काही रचनांच्या बाबतीत तो मान्यच करावा लागतो. जेथे टिळक केवळ शरणागती गातात, तेथे नाव बदलून चालते. पण जेथे ख्रिस्तासारखे होण्याची ओढ येते, तेथे ही अदलाबदल अडते. वारकरी अभंगात भक्त विठ्ठलाला आळवतो, विठ्ठलासारखे वागू इच्छीत नाही. विटेवर उभ्या असलेल्या देवाचे अनुकरण कसे करायचे? अनुकरण करायचे ते संतांचे. वैऱ्यालाही क्षमा करणारा, मारणाऱ्यावर न रागावणारा तुकाराम हा आदर्श. विठ्ठल हे आश्रयस्थान. टिळकांना ही दोन्ही स्थाने एकाच ठिकाणी हवी होती. ज्याच्या चरणी लोळण घ्यावी तोच ज्याच्या पावलावर पाऊल टाकावे असा असावा, म्हणजे तुकारामाचा देव आणि प्रत्यक्ष तुकाराम एकाच व्यक्तीत मिळावेत, ही त्यांच्या श्रद्धेची मागणी होती. नागपूरहून निघालेल्या गाडीत त्यांना डोंगरावरील प्रवचनाने थांबविले, एखाद्या चमत्काराने वा सिद्धांताने थांबविले नाही, याचा अर्थ या संदर्भात उलगडतो. ते प्रवचन वागण्याविषयीचे आहे. तुकारामाचा पूल टिळकांना पैलतीरी नेतो, तो या मागणीपाशी.

रमाबाईंनी या पुलावर पाय ठेवला नसता. बायबलचे त्यांनी स्वतः केलेले मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) दोन वर्षांनी केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना कळत नाहीत, आणि पौराणिक संदर्भ चिकटलेले शब्द ख्रिस्ताच्या नावाभोवती नकोत, ही त्यांची त्यामागील धारणा होती. लॅटिनऐवजी संस्कृत मागणाऱ्या तरुण रमाबाई अखेर संस्कृतच बाजूला ठेवतात, हा प्रवास विलक्षण आहे. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या, त्यांतील शब्दांचे ओझे त्यांनी स्त्री म्हणून सोसले होते. संतांचे शब्द त्या ओझ्यापासून मोकळे आहेत असे टिळकांना वाटले. रमाबाईंना तसे वाटले नाही. या दोन निर्णयांपैकी एक बरोबर ठरवून दुसरा बाद करण्याची घाई समीक्षेने करू नये. तरी काव्याच्या दृष्टीने फळ आले ते टिळकांच्या निर्णयाला, हेही खरे. रमाबाईंचे भाषांतर मंडळ्यांच्या नित्य वापरात रुळले नाही.

टिळकांच्या केंद्राचा कस कवितेपेक्षा संस्थेच्या बाबतीत अधिक लागला. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी नगरला दीर्घकाळ काम केले, १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळला. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्यांनी त्याग केला, ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, अशी कल्पना होती. ख्रिस्त केंद्रस्थानी असेल, तर मंडळीची वेस कोठे आखायची आणि मुळी आखायची का, असा प्रश्न यातून अटळपणे निघतो. टिळकांचे उत्तर कवीचे आहे: केंद्राशी नाते असेल तो आत. मिशनचे उत्तर मंडळी चालविणाऱ्याचे आहे: ज्याने उघडपणे नाव घेतले तो आत.

या वादात तिसरा एक आवाज क्वचितच ऐकला जातो. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हे परकीय बंधन नव्हते. गावाने नाकारलेली माणुसकी उघडपणे, सर्वांदेखत मिळण्याची ती खूण होती. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्तशिष्य होण्याची मुभा उच्चवर्णीय जिज्ञासूला सोयीची होती, कारण त्याला त्यामुळे घर आणि जात राखता येत होती. ज्याला राखण्याजोगे असे काही नव्हते, त्याला ती मुभा कशाला हवी होती? टिळकांनी स्वतः जातीचा त्याग केला आणि त्याची किंमत मोजली. पत्नीचा वियोग कित्येक वर्षे सोसला. तेव्हा त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दरबाराच्या कल्पनेत ही बाजू पुरेशी आली नाही, असे म्हणणे भाग आहे. दरबार रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे राहिले ते 'ख्रिस्तायन'. अभंगात ख्रिस्त सदैव समोर असतो. त्यामुळे गालील, पिलात, वधस्तंभ हे त्याच्या जीवनातील प्रसंग तेथे कथेच्या रूपाने फारसे उभे राहत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठीच जणू टिळकांनी हे महाकाव्य आरंभले, आणि सुमारे दहा अध्यायांवर ते थांबले. उरलेली कथा, साठांहून अधिक अध्याय, लक्ष्मीबाईंनी रचली. या लक्ष्मीबाईंचा मार्ग पतीच्या मार्गाहून वेगळा होता. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या मनात प्रथम सुटला तो ख्रिस्ताचा प्रश्न नव्हता, जातीचा होता: देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, हे एकदा उमगल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या, बाप्तिस्मा त्यानंतरचा. सोवळ्याओवळ्याच्या बाजूने ख्रिस्तापर्यंत आलेल्या या स्त्रीच्या ओवीत अभंगाची आर्तता कमी आहे, आणि येशूच्या पंक्तीला कोण बसले, विहिरीवर त्याने कोणाकडे पाणी मागितले, याचे भान मात्र घरच्या अनुभवातून आलेले आहे. ग्रंथ छापून झाला तो १९३८ मध्ये. लक्ष्मीबाई त्याच्या दोन वर्षे आधीच निवर्तल्या होत्या.