कुलाब्याचा खासदार

आर. के. पुरम, नवी दिल्ली

चि. भाच्यास अनेक दुआ,

पंचायत समितीवर निवडून आलास, हे कळल्यावर तुझ्या मामीने जिन्यावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी पेढा घेतला आणि विचारलं, "म्हणजे आता तुमच्या समाजाचं काम करणार?" त्यावरून आंबेतचे बॅरिस्टर अंतुले आठवले.

आपल्या कोकणी मुसलमानांत घराघरांत अरब व्यापाऱ्यांशी नातं सांगतात. ताटात मात्र तांदळाची भाकरीच. अंतुलेही आपल्यातलेच. 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी संजय गांधी निराधार योजना आणली. पुढच्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं, सिंधुदुर्ग वेगळा काढला. तेव्हा त्यांना कुणी 'समाजाचं' काम विचारलं नाही. गंमत अशी, की लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव कुलाबाच राहिलं. 1989, 1991, 1996 आणि 2004, चारही वेळा ते कुलाब्याचे खासदार झाले. 2009 मध्ये मतदारसंघाचं नाव रायगड झालं आणि अनंत गीतेंनी त्यांना हरवलं!

त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं ते सिमेंटपायी. बिल्डरांना मिळालेला सिमेंटचा कोटा आणि अंतुल्यांच्या प्रतिष्ठानला त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी जोडला आणि जानेवारी 1982 मध्ये अंतुले पायउतार झाले. खटला पुढे वर्षानुवर्षं चालला. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातला स्वतःचाच 1984 चा आदेश मागे घेतला. पण लोकांच्या तोंडी सिमेंटच राहिलं. तुझ्यावर कधी असा ठपका आला, तर तो जातीवर ढकलू नकोस. देणगीची पावती दुसऱ्याच्या हाती सोपवू नकोस, अगदी उरुसाचीसुद्धा.

2008 चं प्रकरण निराळं. अल्पसंख्याक खात्याचे मंत्री असताना मुंबईवरच्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या हत्येबद्दल त्यांनी शंका बोलून दाखवली आणि संसदेत गदारोळ झाला. मला विचारशील तर ते चुकलेच. मंत्र्याने पुराव्यावाचून बोलू नये. पण त्या आठवड्यात रायगड, निराधार, सगळं पुसलं गेलं आणि उरला फक्त एक मुसलमान मंत्री. असा दिवस तुझ्याही वाट्याला येईल. त्या दिवशी चिडून उत्तर देऊ नकोस. रात्री मला फोन कर.

सध्या एवढंच कर. निराधारांचे किती अर्ज तहसीलमध्ये पडून आहेत त्याची यादी मागून घे, आणि एकेका म्हातारीच्या किती खेपा झाल्या ते तिलाच विचार. यादी मलाही पाठव. आणि येणाऱ्या कुणाबरोबर थोडे सोडे.

तुझा,
मामू