हनुवटीवरचे केस आणि हार्मोनच्या गोळ्या

तुळशीचं लग्न लागलं की शाहपूर, इच्छापूरकडून आया मुलींना घेऊन बुऱ्हाणपूरला येतात. मुलगी ओढणी हनुवटीवर ओढून बसते, बोलते ती आईच : "डॉक्टर, पाहुणे यायचेत, पंधरा दिवसांत काही होईल का?" पंधरा दिवसांत होईल ते थ्रेडिंगने. ते खुशाल करा. धाग्याने किंवा ब्लेडनेही केस दाट होत नाहीत, त्यावरून मुलीला रागावू नका.

ओठावर, हनुवटीवर, बेंबीखाली राठ काळे केस येतात ते बहुतेकदा पुरुषी हार्मोन वाढल्याने. पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, तोंडावर पुटकुळ्या असतील, तर पीसीओएस या अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या विकाराची शक्यता मोठी. पण नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारू नका. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, साखर, आणि पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सकाळी १७-ओएच प्रोजेस्टेरॉन तपासावं. आणि गोरं होण्यासाठी एखादं क्रीम लावत असाल तर ती ट्यूब सोबत आणा. त्यात स्टेरॉइड असेल तर गालावरची लव त्यानेच वाढते.

उपचारात पहिली येते ती इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची एकत्र गोळी, म्हणजेच गर्भनिरोधक गोळी. हे ऐकलं की आईचा चेहरा उतरतो. लग्नाआधी ही गोळी? पुढे मूल होईल ना? होईल. गोळी बंद केल्यावर बीजनिर्मिती मुलीची जशी असेल तशी परत सुरू होते. गोळीचं काम अंडाशयातलं पुरुषी हार्मोन कमी करण्याचं. मात्र राठ झालेला केस ती उपटत नाही, नवा केस बारीक आणि उशिरा येतो. म्हणून फरक दिसायला सहा महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडणाऱ्या मुली पाहून मला फार वाईट वाटतं. आधीच्या केसांसाठी लेझर सोबत चालू शकतं.

सहा महिन्यांनी फरक पुरेसा नसेल तर स्पायरोनोलॅक्टोन हे पुरुषी हार्मोनला रोखणारं औषध जोडतात. ते घेताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. लग्न ठरलं की डॉक्टरांना लगेच सांगा.

बहिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळी आणू नका. डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणारीला, किंवा जिच्या घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली असेल तिला ती घातक ठरू शकते.

केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाकडून टक्कल पडू लागलं, तर थांबू नका. अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे का, हे त्याच आठवड्यात तपासून घ्या.