गाडीखालचा उजेड : मोटार दुरुस्तीसाठी हातदिव्याची निवड

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ रात्रभर चालू असते. अशा वेळी ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग गेले किंवा डिझेलची नळी फुटली, तर दुरुस्ती रस्त्याच्या कडेलाच करावी लागते. मेकॅनिक पोते अंथरून गाडीखाली सरकतो आणि मदतनीस मोबाईलचा उजेड धरून बसतो. तालुक्याच्या गावातील गॅरेजात भर दिवसाही स्थिती फारशी निराळी नसते. बॉनेटच्या तळाशी, डॅशबोर्डच्या आत किंवा तपासणीच्या खड्ड्यात सूर्यप्रकाश पोहोचत नाही.

मोटार दुरुस्तीच्या कामात पाना आणि जॅक यांच्याइतकेच दिव्याचे महत्त्व आहे. ब्रेकच्या रबरी नळीवरील बारीक चीर वेळीच दिसली नाही, तर त्याची किंमत गाडीतील प्रवाशांना मोजावी लागते. असे असूनही अवजारांच्या यादीत दिव्याचे नाव बहुधा शेवटी येते आणि उरलेल्या पैशांत जो मिळेल तो घेतला जातो. बॅटरीवर चालणारे, तार नसलेले, चार्जिंगचे हातदिवे आता लहान गावांतही मिळू लागले आहेत. त्यांची निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

जुन्या हातदिव्याचे धोके

लांब वायर, जाळीचे आवरण आणि आत ६० वॅटचा बल्ब असा हातदिवा अनेक पिढ्यांनी वापरला. त्यात २३० व्होल्टचा प्रवाह असतो. वायर गाडीच्या चाकाखाली वा जॅकखाली दबते, तिचे आवरण तेलाने नरम पडते आणि ओल्या जमिनीवर पाठ टेकून काम करणाऱ्या माणसाला विजेचा धक्का बसण्याचा धोका निर्माण होतो. दुसरा धोका आगीचा. बल्ब फुटला की तापलेली तार क्षणभर उघडी पडते आणि तेवढ्याने पेट्रोलची वाफ पेटू शकते. गाडीच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीला चिमटे लावून दिवा पेटविण्याच्या पद्धतीत धक्क्याची भीती नसते. परंतु चिमटे एकमेकांना टेकले तर मोठी ठिणगी उडते.

हा धोका कायद्यानेही ओळखला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ घालण्यात आले. टाकी, खड्डा किंवा तत्सम कोंदट जागेत २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा सुटा विजेचा दिवा वापरण्यास त्या कलमाने प्रतिबंध केला, आणि ज्वालाग्राही वाफ असण्याचा संभव असेल तेथे ज्वालारोधक बनावटीचाच दिवा हवा, असे सांगितले. कायद्यांची मांडणी पुढे बदलली, तरी त्यामागील तत्त्व बदललेले नाही. दोन-तीन माणसांच्या गॅरेजला असा नियम लागू असो वा नसो, वीज आणि वाफ हा भेद जाणत नाहीत.

दोन शोधांचा संगम

आजचा हातदिवा दोन शोधांमुळे शक्य झाला. पांढऱ्या उजेडासाठी आवश्यक असलेल्या निळ्या एल.ई.डी.च्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन उजेड देतो. तेवढाच उजेड एल.ई.डी. ७ ते ९ वॅटमध्ये देते. विजेची गरज इतकी घटल्यामुळेच मुठीत मावणारी बॅटरी कामाला पुरू लागली.

ल्यूमेन म्हणजे सर्वस्व नव्हे

दिव्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा ल्यूमेनचा असतो आणि ग्राहक त्यावरच भुलतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. कामाच्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो, हे लक्स या मापाने मोजतात. अंतर दुप्पट झाले की उजेड साधारण एक चतुर्थांश होतो. अर्ध्या मीटरवर ४०० लक्स देणारा दिवा एक मीटरवर सुमारे १०० लक्सच देतो. म्हणून हजार ल्यूमेनचा दिवा दूर भिंतीला टांगण्यापेक्षा तीनशे ल्यूमेनचा दिवा नटाजवळ नेऊन लावणे अधिक उपयोगाचे ठरते.

उजेडाचा आकारही पाहावा. टॉर्चसारखा अरुंद झोत खोल जागी उपयोगी पडतो, पण जवळच्या कामावर त्याचा डोळे दिपविणारा ठिपका पडतो आणि सभोवती अंधार राहतो. उताणे झोपून काम करणाऱ्यास पसरट, मऊ उजेड हवा. त्यासाठी पट्टीच्या आकाराचा आणि पुढे दुधी आवरण असलेला दिवा बरा. एकाच दिव्यात पट्टी व टोकाला झोत अशी दोन्ही सोय असल्यास उत्तम.

दिवा अडकविण्याची सोय दोन प्रकारची असावी. लोहचुंबक पोलादी चासीला घट्ट धरतो, परंतु ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्सला किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाला तो चिकटत नाही. तेथे हूकच कामी येतो. दोन्ही हात मोकळे राहणे हाच तार नसलेल्या दिव्याचा खरा लाभ आहे.

रंग ओळखता यावेत

गळती कशाची आहे, हे मेकॅनिक रंगावरून ताडतो. कूलंट हिरवे वा गुलाबी, नवे ब्रेक ऑईल फिकट पिवळे, स्वयंचलित गिअरचे तेल सहसा लाल. वायरिंगमध्ये तपकिरी व लाल तार वेगळी ओळखावी लागते. निकृष्ट एल.ई.डी.च्या निळसर उजेडात लाल छटा मलूल दिसतात व घोटाळा होतो. उजेडाचा हा गुण सी.आर.आय. या अंकाने सांगतात. सूर्यप्रकाशाचा अंक १०० मानला जातो. सर्वसाधारण दुरुस्तीस ८० च्या वरचा आणि रंगकामास ९० च्या वरचा दिवा घ्यावा.

काही स्वस्त दिव्यांचा उजेड डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतो. अशा उजेडात फिरता पंखा किंवा पट्टा स्थिर असल्याचा भास होऊ शकतो आणि हात आत जाऊ शकतो. दिव्यासमोर पेन वेगाने हलवून पाहावे. एका पेनाच्या अनेक तुटक प्रतिमा दिसल्यास तो दिवा चालत्या इंजिनाजवळ वापरू नये.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीची शक्ती केवळ मिलिअँपिअर-तासांवरून कळत नाही. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. हातदिव्यांत आढळणारा १८६५० जातीचा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. २६०० मिलिअँपिअर-तासांचा असा सेल ३.७ व्होल्टवर सुमारे ९.६ वॅट-तास देतो. पाच वॅटचा दिवा त्यावर कागदोपत्री दोन तासांना थोडा कमी आणि प्रत्यक्षात दीड तासाच्या आसपास चालेल. त्याच दिव्याच्या खोक्यावर सहा तासांचा दावा असेल, तर तो मंद उजेडावरचा समजावा. या जातीच्या एका सेलमध्ये १०,००० मिलिअँपिअर-तास भरल्याचा दावा तर सरळ खोटा मानावा.

सेल भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. १६०४६ या मानकानुसार नोंदणीकृत आहे काय, हे खुणेवरून पाहावे. बॅटरी बदलता येते काय, हेही विचारावे. ती बदलता येत नसेल तर बॅटरी थकताच सारा दिवा टाकून द्यावा लागतो.

धूळ, पाणी आणि आपटणे

दिव्यावर आय.पी. ही अक्षरे व दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवितो. गॅरेजसाठी किमान आय.पी. ५४ आणि गाड्या धुण्याच्या जागी आय.पी. ६५ असावा. आघात सोसण्याची क्षमता आय.के. या अंकाने कळते. आय.के. ०८ म्हणजे सुमारे १.७ किलोग्रॅम वजन ३० सेंटिमीटर उंचीवरून आदळल्याचा आघात दिवा सोसतो.

तार नाही म्हणून धोका नाही, असे नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. चार्जिंगच्या दिव्याने विजेच्या धक्क्याचा धोका जवळजवळ संपतो, पण आगीचा धोका संपत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानातही पेट घेण्याइतकी जमते. ती हवेपेक्षा जड असल्याने तपासणीच्या खड्ड्यात साचून राहते. एल.पी.जी.ही खाली साचते. दिव्याचे बटण दाबताना किंवा तो पडून फुटताना उडालेली बारीक ठिणगी तेथे पुरेशी असते. आय.पी. अंकाचा या धोक्याशी संबंध नाही.

इंधनाची टाकी उघडायची असेल तर ते काम खड्ड्यात न करता मोकळ्या हवेत करावे. स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित केलेला दिवाच तेथे वापरावा. नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना अशा उपकरणांना मान्यता देते. साध्या दिव्यावर ही मान्यता नसते, आणि विक्रेत्याचा तोंडी शब्द तिची जागा घेऊ शकत नाही.

निगा आणि विल्हेवाट

लिथियम-आयन बॅटरी सर्वसाधारणपणे ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नये. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा त्यापुढे जातो. म्हणून तेथे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग न करता ते सकाळी किंवा रात्री उशिरा, कोणी जवळ असताना करावे. दिवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. बॅटरी फुगल्यास दिवा तत्काळ वापरातून काढावा. ती घंटागाडीत टाकल्यास दबून पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्रामपंचायतीने गावातील गॅरेजवाल्यांसाठी अशा बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्याची जागा नेमून दिल्यास घंटागाडीवरील कामगारांचा धोका टळेल.

शिक्षण आणि खरेदी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार व डिझेल मेकॅनिकच्या वर्गांना या विषयाचा सोपा प्रात्यक्षिक पाठ घेता येईल. दोन-तीन दिवे पूर्ण चार्ज करून अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून एक मीटरवर ठेवावेत आणि दर अर्ध्या तासाला मोबाईलवरील लक्समापकाने नोंद करावी. मोबाईलचे माप अचूक नसले तरी तुलनेस पुरते. कोणता दिवा शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि कोणता पहिल्या अर्ध्या तासातच मंदावतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या आलेखावरून कळेल.

आगारे, पाणीपुरवठ्याचे टँकर आणि शासकीय वाहने यांच्या देखभालीसाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही निविदेत केवळ ‘चार्जिंगचा दिवा’ असे न लिहिता पूर्ण उजेडावरील अवधी, सी.आर.आय., आय.पी. व आय.के. अंक आणि बदलता येणारी बॅटरी यांचा उल्लेख करावा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेतून गॅरेज सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या प्रकल्प अहवालात चांगल्या हातदिव्यासाठी स्वतंत्र रक्कम असावी, याकडे मार्गदर्शकांनी लक्ष द्यावे.

गाडीच्या एकूण अवजारांच्या खर्चात हातदिव्याचा वाटा फार थोडा असतो. परंतु गाडीखाली झोपलेल्या कारागिराचा जीव आणि त्या गाडीतून दुसऱ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलांची सुरक्षितता काही अंशी त्या थोड्या खर्चावर अवलंबून असते. दिवा घेताना खोक्यावरील मोठा आकडा पाहण्याऐवजी तो कोठे लावायचा, किती वेळ जाळायचा आणि आसपास कोणती वाफ असणार, हे तीन प्रश्न आधी विचारले गेले, तर निवड सहसा चुकणार नाही.