ताठरलेल्या स्नायूंवरील औषधे

पूर्व विदर्भात धान कापणीस येण्याच्या सुमारास बांधीतील ओलीवर लाखोळी फेकून पेरण्याची जुनी रीत आहे. पाण्यावाचूनही हे कडधान्य तग धरते. म्हणूनच दुष्काळात गरिबाच्या ताटात पुष्कळदा तेवढेच उरे. कित्येक महिने मुख्य आहार लाखोळीचाच झाला, की काही धडधाकट तरुणांचे पाय ताठरू लागत. टाच जमिनीस टेकत नसे, चालताना गुडघे एकमेकांवर घासत, पुढे काठी लागे आणि काहींस अखेर रांगावे लागे. बुद्धी मात्र शाबूत राही. आयुर्वेदात ह्या विकारास 'कलायखंज' असे नाव आहे.

असे का व्हावे? मेंदूकडून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरणारे मज्जातंतू स्नायूंस हालचालीची आज्ञा पोचवितात. तसेच मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियांना आवरही घालतात. लाखोळीतील एक विषारी अमिनो आम्ल ह्या तंतूंस इजा करते. (ते १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच ओळखून काढले.) आवर सुटला, की किंचित ताणाबरोबर स्नायू आखडून बसतो. पक्षाघातानंतर येणारा ताठरपणाही ह्याच जातीचा होय.

आवर घालणाऱ्या संदेशांचे काम मज्जारज्जूत काही अंशी 'गाबा' नावाचे द्रव्य करते. बॅक्लोफेन हे औषध त्याच्यासारखेच वागते. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत १९६२ साली ते तयार झाले ते अपस्मारासाठी. तेथे ते फारसे उपयोगी पडले नाही, पण स्नायूंचा ताठरपणा त्याने उतरतो असे आढळले. डायझेपाम गाबाचाच प्रभाव वाढविते, परंतु गुंगी आणते. टिझानिडिनने रक्तदाब उतरू शकतो. डँट्रोलीनची तऱ्हा निराळी: ते थेट स्नायूत काम करते, मात्र यकृतावर लक्ष ठेवावे लागते. मोजकेच स्नायू आखडले असतील, तर बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा त्यांत टोचतात. तिचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. लाखोळीच्याच रोग्यांवर टॉल्पेरिसोन ह्या औषधाची चाचणी इथिओपियात झाली. तिचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला: ताठरपणा कमी झाला.

कमी झाला, एवढेच. गेलेले तंतू ह्यांपैकी कोणतेही औषध परत आणीत नाही. शिवाय एक पेच आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच. ज्याच्या पायांतील बळ ओसरले आहे तो पुष्कळदा त्या ताठरपणाच्याच आधारावर उभा असतो. औषध जास्त झाले, तर पाय सैल पडतात आणि काठी टेकून चालणारा माणूस खाली बसतो. म्हणून वैद्य अल्प मात्रेने आरंभ करतो, रोग्यास चालावयास लावून पाहतो आणि मगच मात्रा वाढवितो. जोडीला व्यायाम चालू असतोच. दीर्घकाळ घेतलेले बॅक्लोफेन बंद करावयाचे झाले, तर तेही असेच पायरीपायरीने करावे लागते. एकाएकी थांबविल्यास तीव्र ताप, भ्रम आणि झटके येऊ शकतात.