साप चावला तर आधी श्वास सांभाळा

पावसाळ्यात वस्तीतून निरोप येतो, "साप चावला!" आम्ही पोहोचतो तेव्हा दहा जण ओरडत असतात. कुणी दोरी आवळतो, कुणी ब्लेड शोधतो, कुणी मांत्रिकाचे नाव घेतो. रुग्ण आणखी घाबरतो, धावतो. हालचालीने विष अंगात लवकर पसरते.

अशा वेळी आमचेही हात कापतात. म्हणून आधी आम्ही तीन सावकाश श्वास घेतो. आनापानाचा सराव इथेच कामी येतो. मग जवळ बसून सांगतो, "दादा, यावर औषध आहे. हलू नका."

अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. कापू नका, चोखू नका, आवळू नका. सापामागे लागू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, 108 ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर तेच प्रतिविषाचे इंजेक्शन चालते. मण्यारच्या दंशाची कधी खूणही दिसत नाही, म्हणून वाट पाहू नका.

घरातला एक माणूस जरी भानावर राहिला, तरी मांत्रिकाकडे जाणारा तास वाचतो. तो माणूस आपण होऊ या.