मातीतील सेंद्रिय द्रव्य की राळ?

दिल्लीची भारतीय कृषि संशोधन संस्था मूळची बिहारातील पुसा या गावची. १९०५ साली तेथे स्थापन झालेली ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली दिल्लीस आली आणि गावाचे नावही बरोबर घेऊन आली. या परिसरात यमुनेच्या गाळाची माती पुष्कळ आहे. तीत सेंद्रिय कार्बन पुष्कळदा शेकडा अर्धा भागही भरत नाही. हा कार्बन मुळांच्या तुकड्यांत आहे की चिकणमातीच्या कणांस बिलगलेला आहे, हे कळणे अगत्याचे असते. कारण पहिला लवकर कुजून जातो, दुसरा दीर्घकाळ टिकतो. वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीने एकंदर प्रमाण निघते, जागा कळत नाही.

जागा पाहावयाची तर मातीचा पातळ छेद हवा. परंतु ढेकूळ घासू लागताच भुगा होतो. म्हणून वाळलेल्या ढेकळात द्रवरूप इपॉक्सी राळ निर्वातात मुरवितात आणि ती घट्ट झाल्यावर सुमारे ३० मायक्रॉन जाडीचा छेद करतात.

पेच येथेच पडतो, कारण राळही कार्बनचीच. एक घन सेंटिमीटर मातीचे वजन १.४ ग्रॅम व सेंद्रिय कार्बन शेकडा ०.४ धरल्यास मातीचा कार्बन ५.६ मिलिग्रॅम होतो. तीतील ०.४७ घन सेंटिमीटर पोकळी राळेने भरली, तर राळेचा कार्बन सुमारे ३६० मिलिग्रॅम, म्हणजे साठपटींहून अधिक! क्ष-किरण वर्णपटात नुसती कार्बनची रेषा दिसली, तर तिचा अर्थ काय लावावयाचा? (वीज वाहावी म्हणून छेदावर कार्बनचाच लेप दिला, तर गोंधळात आणखी भर.)

नायट्रोजन ही खूण पुरेशी नाही. अमाइन जातीच्या कठिणकात तोही असतो. इपॉक्सीत क्लोरीनचा अंश उरतो खरा, पण खारवट जमिनीतही क्लोरीन असतो. अवरक्त वर्णपटातील १५१० तरंगांकाची वलय-रेषा राळ आणि लाकडातील लिग्निन दोघेही दाखवितात.

अधिक भरवशाचा उपाय म्हणजे राळ घालण्यापूर्वीच ढेकळास ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाफ देणे. ती विषारी असून डोळ्यांस विशेष घातक आहे. सेंद्रिय द्रव्यातील दुहेरी बंधांशी ऑस्मियम जखडला जातो, मागाहून आलेल्या राळेस तो लागत नाही. दुहेरी बंध नसलेले द्रव्य मात्र त्यातून निसटते. तेव्हा ऑस्मियम नाही म्हणून सेंद्रिय द्रव्यही नाही, असे ठरत नाही. काही संशोधक राळ टाळून वितळलेल्या गंधकातच नमुना बसवितात.

उपाय कोणताही असो, धुतलेली, भाजलेली शुद्ध वाळू त्याच राळेत बसवून तिचा वर्णपट आधी घेतलाच पाहिजे. इलेक्ट्रॉन-शलाका सुमारे एक मायक्रॉन परिसरातील सर्व द्रव्य एकदम जागे करते. चिकणमातीच्या कडेस राळ व सेंद्रिय द्रव्य एकाच परिसरात सापडतात. असे बिंदू नोंदवहीत ‘अनिश्चित’ म्हणूनच लिहावयाचे असतात.